सच्छिद्र ब्रेक-चकती : रूप आणि प्रयोजन

अतिवेगवान स्पोर्ट्स मोटारींच्या वर्णनात चाकाच्या आऱ्यांमधून दिसणाऱ्या सच्छिद्र ब्रेक-चकतीचा उल्लेख सहसा चुकत नाही. ‘छिद्रांमुळे चकती थंड राहते’ हे त्या वर्णनातील ठरीव विधान होय. या विधानात दोन भिन्न क्रियांची सरमिसळ झालेली आहे, आणि ती दूर केल्यावाचून चकतीच्या रचनेचे यथार्थ मूल्यमापन संभवत नाही.

मराठीत ‘थंड राहणे’ आणि ‘थंड होणे’ हे प्रयोग समानार्थी नाहीत. पहिल्यात ताप चढू न देणे अभिप्रेत असते. दुसऱ्यात चढलेला ताप उतरणे. ब्रेकच्या बाबतीत हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. १५०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १८० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर सुमारे १९ लाख ज्यूल गतिज ऊर्जेची मुख्यत्वे उष्णता होते. बिडाच्या चार चकत्या मिळून ४० किलोग्रॅम धरल्या आणि सर्व उष्णता त्यांतच गेली असे मानले, तर एका थांबण्यात त्यांचे सरासरी तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसने वाढते. या काही सेकंदांत वाऱ्याला फारसा अवसर नसतो. उष्णता सामावून घेते ते चकतीचे वस्तुमान. छिद्रे पाडणे म्हणजे तेच वस्तुमान घटविणे. तेव्हा ‘थंड राहणे’ या अर्थी छिद्रे प्रतिकूलच ठरतात.

‘थंड होणे’ हे कार्य प्रामुख्याने हवेशीर चकतीच्या अंतर्रचनेचे आहे. तीत दोन समांतर कडी आतील पात्यांनी जोडलेली असतात. चकती फिरू लागली की मध्याकडून हवा आत ओढली जाते व परिघाकडे फेकली जाते. पाती वक्र असल्यास ती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली असावी लागतात. म्हणून अशा डाव्या-उजव्या चकत्यांची अदलाबदल करता येत नाही. पृष्ठावरील खाचांचा कल पाहून बाजू ठरविणारा येथे फसतो, कारण निर्णायक असतात ती आतली, सहजी न दिसणारी पाती. ‘हवेशीर’ आणि ‘सच्छिद्र’ ही विशेषणे अनेकदा एकाच चकतीला लागतात. त्यामुळे अदृश्य पात्यांचा गुण दृश्य छिद्रांच्या नावे जमा होतो. छिद्रांच्या आतील भिंतींमुळे हवेला थोडा अधिक पृष्ठभाग मिळतो हे खरे. पण तो लाभ दुय्यम आहे.

याचा अर्थ छिद्रे मुळातच निरर्थक होती असा नव्हे. १९५३ साली ल मां येथील २४ तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकसह जिंकली आणि चकतीची योग्यता सिद्ध झाली. पुढे पोर्शच्या ९१७ या शर्यतीच्या मोटारीत सच्छिद्र चकत्या आल्या, आणि १९७८ च्या ३.३ लिटर ९११ टर्बोबरोबर त्या रस्त्यावरील मोटारीत उतरल्या. वजन घटविणे, तापलेल्या पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट देणे आणि पावसात पाणी निपटणे ही त्यांची प्रयोजने होती. आजच्या पॅडच्या बाबतीत वायूचे कारण पुष्कळसे क्षीण झाले आहे. वजनाचे व पाण्याचे मात्र टिकून आहे. शर्यतीची चकती शर्यतीनंतर बदलता येते. रस्त्यावरील चकतीकडून वर्षानुवर्षे चालण्याची अपेक्षा असते. वारंवार तापून निवणाऱ्या बिडात छिद्राच्या कडेशी ताण एकवटतो आणि तडे बहुधा तेथूनच सुरू होतात. आजच्या शर्यतींतील बिडाच्या चकत्यांवर छिद्रांऐवजी खाचा अधिक आढळतात, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे.

२००१ च्या ९११ जीटी-२ बरोबर आलेल्या कार्बन-सिरॅमिक चकतीचा विचार मात्र स्वतंत्रपणे केला पाहिजे. तिचे वजन बिडाच्या चकतीच्या सुमारे निम्मे असून ती पुष्कळ अधिक तापमान सोसते. तिच्यावरही छिद्रे असतात. परंतु तिची योग्यता द्रव्यात आहे, छिद्रांत नाही.

प्रयोजन क्षीण झाल्यावरही रूप टिकून राहणे भाषेला अपरिचित नाही. भाषेत असे रूप सहसा निरुपद्रवी असते. ब्रेकमध्ये ते तसे असेलच असे नाही. साधी चकती काढून तिच्या जागी त्याच मापाची सच्छिद्र चकती बसविणारा चालक घाटाच्या उतारावर अधिक विश्वासाने वेग घेतो, पण उष्णता साठविण्याचे त्याचे सामर्थ्य किंचित घटलेलेच असते. म्हणून चकतीची परीक्षा प्रथम वस्तुमान, मग अंतर्गत वायुमार्ग, मग द्रव्य आणि शेवटी छिद्रे या क्रमाने व्हावी. प्रचलित वर्णनांत हा क्रम नेमका उलटा दिसतो.