जपलेले आणि दिलेले : केसरबाई, मोगूबाई आणि वारशाचा प्रश्न

माझ्या कपाटात एकतीस कॅसेट आहेत. माझ्या गुरूंनी अकरा वर्षांत मला दिलेली तालीम त्यांवर आहे. बाई जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे गात. मैफली त्यांनी फार केल्या नाहीत, शिकवले मात्र मनापासून. टेपरेकॉर्डर सुरू करण्याआधी एक वाक्य त्या न चुकता म्हणत, "हे तुझ्या रियाजासाठी आहे, कुणाला द्यायचे नाही." त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. फितींना आता बुरशी धरू लागली आहे. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी त्यांतला एक अनवट राग ऐकायला मागण्यासाठी आली आणि मी तिला 'नाही' म्हणाले. ती गेल्यावर दोन दिवस मला चैन पडेना. नाही म्हणण्याचा अधिकार माझा होता की बाईंचा, आणि बाई नसताना तो उरतो का, हे मला सांगता येईना.

असे 'नाही' ठामपणे म्हणणाऱ्या कलावंतांचा विषय निघाला की पहिले नाव येते ते सुरश्री केसरबाई केरकरांचे. अल्लादिया खाँ यांची सुमारे पंचवीस वर्षांची तालीम लाभलेल्या या गायिकेने एका धोंडूताई कुलकर्णींचा अपवाद सोडला तर कुणालाही मन लावून शिकवले नाही. त्यांच्यासमोर लगेच दुसरे नाव ठेवले जाते, त्यांच्या गुरुभगिनी मोगूबाई कुर्डीकरांचे. मोगूबाईंनी किशोरीताई आमोणकरांना घडवले; पद्माताई तळवलकर, कमलताई तांबे, बबनराव हळदणकर त्यांच्याकडे शिकले; 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव देशपांडेही त्यांचेच शिष्य. मग आपण निकाल देऊन मोकळे होतो : एक कृपण, दुसरी उदार. किस्सेही या निकालाला साजेसेच सांगितले जातात. हा निकाल मला अपुरा वाटतो. स्वभावाच्या गोष्टी बाजूला ठेवून दोघींची परिस्थिती आणि त्यांच्या मागे उरलेले गाणे तपासले तर प्रश्न वेगळाच दिसू लागतो.

आधी परिस्थिती पाहू. केसरबाईंचा जन्म 1892चा, गोव्यातल्या फोंडा महालातील केरी गावचा. कलावंत घराण्यातल्या मुलीला गाणे शिकण्याची मुभा होती. सलग शिकण्याची सोय मात्र नव्हती. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने, पुढे रामकृष्णबुवा वझे, बर्कतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशी त्यांची तालीम तुकड्यातुकड्यांनी झाली. कधी गुरू गाव सोडून गेले, कधी शिकवणे थांबले. 1921 साली अल्लादिया खाँ यांनी त्यांना गंडा बांधला, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि आधीचे बरेचसे विसरून नव्याने आवाज लावायला बसल्या. 1946 साली खाँसाहेब गेले, तोवर हे चालू होते. म्हणजे त्यांची गायकी हे आयुष्यातली उमेदीची वर्षे आणि पैसा मोजून मिळवलेले धन होते. जिच्या नावावर सुरुवातीला ना जमीन होती ना मानाची जागा, तिने असे धन कुलूप लावून ठेवले तर त्यात नवल ते काय? ज्याच्याकडे वाडवडिलांची शेती आहे त्याला आपण ती गावाला वाटून टाक असे सांगत नाही. गायिकेच्या विद्येला मात्र फार सहज 'समाजाचा ठेवा' म्हणतो.

इथवर केसरबाईंची बाजू भक्कम वाटते. पण मोगूबाईंकडे वळले की ती डळमळते. त्यांचा जन्म 1904चा, गोव्यातल्याच कुर्डी गावचा. साळावली धरणात पुढे बुडालेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा वर येणारे कुर्डी ते हेच. आई लवकर गेली. लहानपण नाटक कंपन्यांत गेले. अल्लादिया खाँ यांनी सांगलीच्या मुक्कामात त्यांना शिकवायला सुरुवात केली. पण खाँसाहेब मुंबईला गेले आणि तालीम तुटली. मग खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकणे झाले, तेही खंडित झाले आणि अखेर 1934 साली खुद्द खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला. इथेही तीच वणवण आणि तोच कष्टाने जमवलेला पैसा. तरीही मोगूबाईंनी शिकवले. म्हणजे परिस्थितीमुळे केसरबाईंचा नकार समजतो, पण तो अटळ होता असे म्हणता येत नाही. पुढचे उत्तर गाण्यातच शोधावे लागते.

आपल्याला केसरबाई प्रामुख्याने भेटतात त्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर गाणे. या तबकड्यांना आपण मैफलीची वानगी समजतो, तिथेच ऐकण्यात चूक होते. किराण्याच्या संथ आलापीला साडेतीन मिनिटांत बसवायचे तर मोठा भाग सोडूनच द्यावा लागतो. अब्दुल करीम खाँ यांनी तरीही ते साधले, हे त्यांचे वेगळे सामर्थ्य. जयपूरची बांधणी मुळात निराळी आहे. बंदिश मध्यलयीकडे झुकलेली, आलाप आकारात आणि लयीला धरून, प्रत्येक आवर्तन भरीव, तान सरळ न धावता पेच घेत समेकडे येणारी. अशा गाण्यात सोडून देण्यासारखे थोडे असते, त्यामुळे ते लहान जागेतही सबंध उभे राहते. केसरबाईंच्या ललितागौरी आणि नटकामोदच्या तबकड्या या दृष्टीने ऐकाव्यात. हे जोडराग आहेत. सामान्य गायक एक राग दाखवतो, मग दुसरा दाखवतो आणि मधला सांधा आपल्याला दिसतो. केसरबाईंचे तसे नाही. ललित आणि गौरी एकाच श्वासात एकमेकांत मिसळलेले येतात, आवाज खालपासून वरपर्यंत सारख्याच वजनाने लागतो आणि सम आली हे ती येऊन गेल्यावर कळते.

मी शिकत असताना ललितागौरीची ही तबकडी महिनाभर ऐकली आणि स्वरलिपीत उतरवली. वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी ती चाळली आणि विचारले, "इथे त्या अशा का वळल्या? आणखी कुठे वळता आले असते?" मला उत्तर देता आले नाही. बाईंनी मग त्याच जागेवरून निघणाऱ्या चार वाटा गाऊन दाखवल्या, त्यांतल्या दोन चुकीच्या का हेही सांगितले. तबकडीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा त्या दिवशी मला एकदमच समजली. तबकडी कलावंताचा निर्णय ऐकवते. त्या निर्णयापाशी उभे असताना त्याच्यासमोर कोणते पर्याय होते, ते मात्र फक्त तालीम सांगते.

हे लक्षात घेतले की दोघींच्या वारशातला फरक नेमका सांगता येतो. केसरबाईंनी आपल्यासाठी निर्णय ठेवले. ते इतके निःसंदिग्ध आहेत की त्यांची नक्कल करण्यावाचून ऐकणाऱ्याला दुसरे सुचत नाही, आणि नक्कल म्हणजे तर गायकी नव्हे. मोगूबाईंनी शिष्यांच्या हाती पर्याय दिले. पर्याय हाती आले की शिष्य वेगळे निवडणार, हा धोकाही त्यांनी पत्करला. किशोरीताईंनी तेच केले. लयीला घट्ट धरून चालणारी बढत सैल केली, आलापाला संथपणा आणि स्वराला भाव दिला. जयपूर सोडले, अशी टीका त्यांच्यावर झाली. पण आईने चौकट पुरती शिकवली नसती तर लेकीला ती वाकवताही आली नसती.

आणि हे घराणे तरी मुळात कसे जन्मले? तरुणपणी गाण्याच्या अतिश्रमाने अल्लादिया खाँ यांचा आवाज बसला. पूर्वीसारखा तो परत लागेना, तेव्हा उरलेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार गायकी त्यांनी नव्याने रचली. आज आपण जिची शुद्धता राखायला निघालो आहोत, ती वाडवडिलांच्या गाण्यात करावा लागलेला एक बदलच होती. 'जसेच्या तसे' जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलेच, हे विसरू नये.

याचा अर्थ केसरबाईंचा नकार निष्फळ ठरला असाही नाही. किशोरीताई जयपूरपासून किती दूर गेल्या हे आपण कशावरून ठरवतो? केसरबाईंच्या तबकड्यांवरूनच. प्रवाहाने पात्र बदलले हे कळायला काठावरचा एखादा दगड जागेवर असावा लागतो. शिवाय धोंडूताईंचा अपवाद नुसता आकडेमोडीचा नाही. केसरबाईंकडे येण्याआधी धोंडूताई अल्लादिया खाँ यांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या होत्या. तयार हातातच हे धन पडावे, असा केसरबाईंचा हिशेब दिसतो. त्या धोंडूताईंनी पुढे मुंबईत अनेकांना शिकवले आणि त्यांच्या शिष्या नमिता देवीदयाल यांनी 2007 साली 'द म्युझिक रूम' हे पुस्तक लिहून ही सारी परंपरा घराण्याबाहेरच्या वाचकांपर्यंत नेली. एकच दार उघडले होते, पण त्यातूनही बरेच बाहेर आले.

नियतीने मात्र केसरबाईंच्या हिशेबाला एक विलक्षण पुरवणी जोडली. 1977 साली अमेरिकेने दोन 'व्हॉएजर' याने अवकाशात सोडली. पृथ्वीवरचे आवाज आणि 27 संगीतरचना कोरलेली सोनेरी तबकडी प्रत्येकावर बसवलेली आहे. बाख आणि बेथोव्हेनच्या पंक्तीत तिथे केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने तिची शिफारस केली. तबकडी बाजारातून केव्हाच गेलेली होती. शोधाशोध करताना न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली, अशी हकिकत अॅन ड्रुयान यांनी सांगितली आहे. पहिले यान 20 ऑगस्टला निघाले, दुसरे 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला मुंबईत केसरबाईंनी डोळे मिटले.

या योगायोगाचे आपण कौतुक करतो आणि थांबतो. मला त्यात अस्वस्थ करणारे दोन मुद्दे दिसतात. एक, ज्या अनवट ख्यालांसाठी त्या ओळखल्या जात त्यांतले काहीही तिथे नाही. मैफल संपवताना गायची भैरवी तेवढी गेली. दोन, कुणासमोर गायचे आणि कुणाला शिकवायचे हे आयुष्यभर स्वतः ठरवणाऱ्या बाईचा आवाज, ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही अशा श्रोत्याकडे निघाला आहे. कलावंताने कितीही जपले तरी मागे काय उरेल आणि कुणाच्या हाती लागेल हे त्याच्या हातात नसते. ते दुकानातल्या फळीवर शिल्लक राहिलेल्या एखाद्या प्रतीवरही ठरू शकते. केरीत आज सुरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाची शाळा आहे, गोव्यात त्यांच्या नावाचा स्मृती संगीत समारोह होतो. जिने शिकवायचे टाळले तिच्या नावाने मुले शिकत आहेत. यात मला उपहास दिसत नाही. गावाने आपल्या परीने काढलेला मार्ग दिसतो.

आता माझ्या कॅसेटविषयी. हा लेख लिहिण्यासाठी त्या पुन्हा ऐकायला घेतल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बाईंचे सलग गाणे त्यांवर फार थोडे आहे. जास्त आहे ते माझे चुकणे, आणि त्यावर बाईंचे "असे नाही, असे." म्हणजे त्यांवर आहेत ते पर्यायच, केसरबाईंच्या तबकड्यांवर जे नाही, नेमके तेच. ते माझ्याबरोबर संपले तर मी बाईंची आज्ञा पाळली असे होईल, पण त्यांनी अकरा वर्षे जे केले ते मात्र वाया जाईल. दुसरीकडे, सारे एकगठ्ठा जगासमोर टाकून दिले तर ऐकणारा त्याचेही निर्णयच करून टाकील, हेही मला दिसते.

एकतीसपैकी चोवीस कॅसेटचे मी संगणकावर रूपांतर करून घेतले. सात वाचल्या नाहीत. त्या मुलीला फोन करून बोलावले आणि सांगितले की प्रत मिळणार नाही. दर गुरुवारी येऊन बसायचे, मी सुरू करीन, मी थांबवीन आणि थांबवलेल्या जागी तू गाशील. बाईंची अट मी मोडली आहे आणि ते कबूल करायला मला संकोच नाही. मात्र "हे रियाजासाठी आहे" हा त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी अजून पाळते आहे, असे मी मानते. माझ्यानंतर त्या चोवीस कॅसेटचे काय, याचे उत्तर ती मुलगी तयार झाल्यावर तिने द्यायचे आहे. पहिल्या गुरुवारी तिने एक जागा घेतली आणि मी काही बोलण्याआधीच यंत्रातून बाई म्हणाल्या, "असे नाही." त्या मला म्हणत होत्या, तीस वर्षांपूर्वी. मुलीने मुकाट्याने ती जागा पुन्हा घेतली.