आला बंब, गेला बंब

मराठी समीक्षेने कथा, कादंबरी, नाटक, कविता यांची यथेच्छ चिरफाड केली. लावणीवर प्रबंध झाले, भारुडावर झाले, परंतु एका कलाप्रकाराकडे आमच्या समीक्षकांनी अजून ढुंकून पाहिलेलं नाही. मोठ्या शहरातल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहायचं आणि भोंगा वाजवत जाणाऱ्या आगीच्या बंबाचं किंवा ॲम्ब्युलन्सचं चित्रण करायचं, हा तो कलाप्रकार. यूट्यूबवर अशा फितींचा ढीग पडलेला आहे. रात्री जेवणं आटोपून घरची मंडळी मालिकेतल्या सासवांकडे वळली, की अस्मादिक मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात आणि न्यूयॉर्कचे बंब बघतात. आता, काउंटरवर वीस वर्षं घासलेल्या बी. कॉम. माणसाला समीक्षेचा अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार एवढाच, की दुसऱ्याच्या सहीत खोट काढायची आम्हाला सवय आहे.

या फितींचं कथानक आधी सांगतो, म्हणजे रसभंगाची भीती नको. रस्ता दिसतो. लांबून आवाज येतो. बंब येतो. बंब जातो. रस्ता दिसतो. समाप्त. आमच्या सौ.ने एकदा खांद्यावरून डोकावून ‘पुढे काय?’ असं विचारलं. पुढे दुसरा बंब. “आणि आग?” आग नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी एकतीस मार्चच्या रात्री ऑडिटरच्या डोळ्यांतच पाहिली आहे.

शीर्षकंही तशीच. ‘एंजिन 54, लॅडर 4, बटालियन 9, आठवा ॲव्हेन्यू.’ कुणाला वाटावं पासबुकातली नोंद आहे. पण या आकड्यांत अर्थ आहे हे मला पंधरा-वीस फिती पाहिल्यावर कळलं. आपल्याकडे लाल रंगाचं, मोठं, घंटा किंवा भोंगा वाजवणारं जे काही असेल तो बंब. न्यूयॉर्कवाले तसं करीत नाहीत. पाणी, पंप आणि नळ्या घेऊन जाते ती ‘एंजिन’. शिड्या, कुऱ्हाडी आणि दारं फोडायची हत्यारं नेते ती ‘लॅडर’. एक पाणी घालणार, दुसरी वाट काढून देणार. बँकेत कॅश आणि क्लिअरिंग ही खाती वेगळी असतात, त्यातलाच प्रकार. काही लॅडर गाड्या इतक्या लांब असतात, की मागच्या टोकाला एक निराळा माणूस निराळं सुकाणू घेऊन बसतो आणि मागची चाकं वळवतो. पुढचा पुढे बघून चालवणार, मागचा पुढच्याकडे बघून चालवणार. आमच्या हेड ऑफिसची आणि शाखेची व्यवस्था हीच आहे, फक्त आमची वळणावर खांबाला लागते.

आपला ‘बंब’ शब्द मात्र मला या सगळ्या नावांपेक्षा आवडतो. आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. पोटात निखारे, भोवती पाणी. दोन्ही वस्तूंना एकच नाव. एक बंब विस्तवानं पाणी तापवणार, दुसरा पाण्यानं विस्तव विझवणार, आणि मराठी माणसाचा त्यात कधी घोटाळा झाला नाही.

या छंदाचं कूळही पाहा. इंग्रजीत एखाद्या गोष्टीच्या नादी लागलेल्याला ‘बफ’ म्हणतात. ‘बफ’ म्हणजे फिकट पिवळसर रंग. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कमधले हौशी अग्निशामक त्या रंगाचे कोट घालत, म्हणून आगीमागे धावणाऱ्या शौकिनांनाच ते नाव पडलं. मग ते बाकीच्या शौकिनांकडे गेलं. तेव्हा फिल्म फेस्टिव्हलचा पास गळ्यात अडकवून जे ‘फिल्म बफ’ गंभीर चेहऱ्यानं हिंडतात, ते मूळचे बंबामागे पळणाऱ्यांच्याच गोत्रातले.

कलाप्रकारात चांगलं-वाईट असतं तसं इथंही आहे. वाईट फीत ओळखायची पहिली खूण म्हणजे पार्श्वसंगीत. भोंगा असताना संगीत घालणं म्हणजे पुरणपोळीवर साखर पेरणं. न्यूयॉर्कच्या भोंग्यात काय कमी आहे? एक सावकाश चढतो नि उतरतो, एक भराभर किंकाळ्या मारतो, मध्येच हॉर्नची डरकाळी येते. एक जुन्या वळणाचा यांत्रिक भोंगा तर खरोखर चाक फिरवून वाजतो. बंद केला तरी चाक थांबेपर्यंत त्याचा आवाज मींड घेत खाली येत राहतो. दर्दी मंडळी त्या शेवटच्या सुरासाठी थांबतात. दुसरी खूण, चित्रकाराची बडबड. “वाव! वाव!” तबल्याच्या साथीला बसलेल्या माणसानं स्वतःच वाहवा करू नये एवढं साधं पथ्य. तिसरी खूण म्हणजे बंबाच्या मागे कॅमेरा गरकन फिरवणं. चांगला चित्रकार जागा निवडतो, पाय रोवतो आणि बंबाला चौकटीत येऊ देतो, जाऊ देतो. मध्ये टॅक्सीवाले कसे चुकवतात, एखादा शहाणा पादचारी कानात बोटं घालून तरीही रस्ता कसा ओलांडतो, हे सगळं त्यात फुकट मिळतं. मुंबईकराला टॅक्सीवाल्यांचा तो भाग विशेष हृद्य वाटतो. आपल्याकडे अशा गाड्यांना वाट न दिल्यास 2019 पासून कायद्यात दहा हजार रुपये दंड आहे. द्यायची इच्छाही असते. फक्त सरकायचं कुठे, हे कायद्यात सांगितलेलं नाही.

कुणी म्हणेल, मोबाईल आले आणि ही खुळं निघाली. तसं नाही. सिनेमाचा जन्म आणि हे खूळ जुळी भावंडं आहेत. 1896 साली, सिनेमा रांगत असताना, ल्युमिएर बंधूंच्या आणि एडिसनच्याही माणसांनी धावत्या बंबांची चित्रं घेतली. तेव्हा घोडे होते, भोंगा ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. पुढे 1903 साली एडविन पोर्टरचा ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ आला. अवघ्या काही मिनिटांचा. त्यात पोर्टरनं एक गंमत केली आहे. जळत्या घरातल्या बाईला आणि मुलाला जवान वाचवतो, हे आधी खोलीच्या आतून दाखवलं. बाई बेशुद्ध पडते, जवान येतो, खिडकीतून तिला नेतो, परत येऊन मुलाला नेतो. मग तीच हकिगत, तशीच पहिल्यापासून, बाहेर रस्त्यावरून दाखवली. आजच्या प्रेक्षकाला वाटतं रीळ चुकून दोनदा जोडलं. पुढच्या काळात कुणी तरी ते ‘सुधारून’ आतलं-बाहेरचं आलटून पालटून कापलं, आणि त्या सुधारलेल्या प्रतीवरून इतिहासकार मंडळी बरीच वर्षं फसली. मला विचाराल तर पोर्टरचंच बरोबर. जवान पुन्हा वर का गेला, हे आतून नीट समजतच नाही. बाहेरून पाहिलं की समजतं. खाली आल्यावर ती बाई शुद्धीवर येते आणि खिडकीकडे हात करून विनवते.

आजच्या फितींना फक्त बाहेर आहे, आत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच होता. मग गेल्या पावसाळ्यात मला आतली बाजू बघायचा योग आला.

संध्याकाळची साडेसहाची वेळ. आईच्या छातीत दुखू लागलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, निघालो आणि तिसऱ्या सिग्नलला अडकलो. भोंगा चालू, गाडी उभी. दुधी काचेला वरून एक पट्टी उघडी होती, तिच्यातून पाहिलं तर शेजारी मोटारसायकलवर मागे बसलेला एक पोरगा मोबाईल उंच धरून आमचं चित्रण करतोय. पाय रोवून, हात न हलवता. समीक्षक म्हणून सांगतो, हात उत्तम होता. मुलगा म्हणून त्या क्षणी मला दार उघडून तो मोबाईल गटारात टाकावासा वाटला. त्याच्या फितीत निळा-तांबडा दिवा असणार, आवाज असणार, पावसाचे थेंब असणार. आणि आत काय होतं? सिलिंडरची साखळी कडीवर वाजत होती. माझ्या एका हातात तिची फाईल, दुसऱ्यात तिचा चष्मा. आईनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, “कुणाची वरात अडलीय रे?”

“आपलीच,” मी म्हटलं.

“मग त्या बँडवाल्याला म्हणावं, जरा हळू वाजव. लोकांच्या घरी पोरं अभ्यास करत असतील.”

आठ दिवसांनी ती घरी आली. मी ती फीत बरेच दिवस शोधत होतो. नाही मिळाली. आईला हे कळलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न केला, “साडी कुठली होती माझी?” तू त्यात दिसलीच नसतीस, काच दुधी होती, असं सांगितल्यावर तिचा त्या पोराबद्दलचा आदरच गेला. “मग काढलं कशाला?”

या एका वाक्यात तिनं अवघ्या कलाप्रकाराला नापास केलं. पण माझं मत तेव्हापासून नेमकं उलटं झालं आहे. दुधी काच हीच या फितींची अब्रू आहे. बंब येतो, बंब जातो, आग दिसत नाही, हाच तिचा मोठा गुण. कारण काही चित्रकार बंबामागून धावत जळत्या घरापाशी पोचतात, स्ट्रेचरवरचा चेहरा टिपतात, आणि तिथं फीत संपून चोरी सुरू होते. जर्मनीत 2021 पासून अपघातात मेलेल्या माणसाची विटंबना होईल असा फोटो काढणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे माणूस अजून खाली पडायचा असतो, तेवढ्यात चार मोबाईल वर झालेले असतात.

कॅमेरा खाली करणं हीही कला आहे, हे मी एका फ्रेंच माणसाकडून शिकलो. ज्यूल आणि गेदेऑं नोदे हे दोघे भाऊ न्यूयॉर्कच्या ड्युएन स्ट्रीटवरच्या बंबखान्यात एका उमेदवार जवानावर माहितीपट करीत होते. 11 सप्टेंबर 2001 ला सकाळी लिस्पेनार्ड स्ट्रीटवर गॅसचा वास येतोय म्हणून वर्दी आली. अगदी रटाळ वर्दी. ज्यूल हात बसावा म्हणून कॅमेरा घेऊन बरोबर गेला. डोक्यावरून विमानाचा आवाज आला, त्यानं कॅमेरा वर केला, आणि पहिलं विमान मनोऱ्यावर आदळतानाचं चित्र त्याला मिळालं. इथवरचं सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. तो जवानांबरोबर मनोऱ्याच्या तळमजल्यात शिरला, तेव्हा दारातच माणसं जळत होती. तिकडे त्यानं कॅमेरा वळवला नाही. हे कुणी पाहू नये असं वाटलं, असं तो स्वतःच त्या माहितीपटात सांगतो. मार्च 2002 मध्ये तो अमेरिकेत टेलिव्हिजनवर दाखवला गेला. जगातलं सर्वांत मोठं ‘फुटेज’ हातात असताना ज्यानं चार पावलांवरचं सोडून दिलं, त्याला मी माझ्या परीक्षकाच्या वहीत शंभरपैकी शंभर दिले आहेत. आम्ही बँकवाले सहसा पैकीच्या पैकी कुणाला देत नाही.

त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे 343 जण गेले. वर जी शीर्षकातली एंजिन 54 आणि लॅडर 4 सांगितली, त्या एका बंबखान्यातले 15. आकड्यांची शीर्षकं मला तेव्हापासून पासबुकासारखी वाटत नाहीत. मुंबईनंही हे पाहिलं आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली तेव्हा आपल्या अग्निशमन दलाचे 66 जण गेले. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत चार अधिकारी गेले. आपल्या गल्लीतून बंब जाताना आपण फक्त ‘कुठं लागली?’ एवढंच विचारतो.

आठव्या ॲव्हेन्यूचा तो बंबखाना नाटकगृहांच्या वस्तीत आहे, म्हणून त्यांचं ब्रीद आहे, ‘एकही प्रयोग चुकवला नाही.’ त्यांच्या निघण्याच्या फिती पुष्कळ आहेत. पण जाणकारांना मी परतण्याची फीत सुचवीन. तिला भोंगा नाही, म्हणून तिच्याकडे कुणी फिरकत नाही. गाडी येते, एक जवान उतरून हातानं वाहनं थांबवतो, टॅक्सीवाले या वेळी मात्र मनसोक्त हॉर्न वाजवतात, आणि ती अजस्र गाडी उलटी, बोटभर अंतर राखून, आपल्या दारात शिरते. आग होती की कुणाच्या तव्यावर पाव करपला होता, हे कळत नाही. जवान हेल्मेट काढून काहीतरी बोलून हसतो. दरवाजा खाली येतो. चित्रकारानं कॅमेरा त्यानंतरही चार-पाच सेकंद तसाच चालू ठेवला आहे, नुसत्या बंद दारावर.

आमच्या सौ.ला ही फीत दाखवली. तिनं विचारलं, “आता पुढे काय?”