खोतांची कथा आणि कुळांची

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. गेल्या दिवाळीच्या सुटीत किहीम येथे एका स्नेह्यांच्या वाडीत मुक्कामास असता आम्ही ती पुनः वाचली. कादंबरीतील तुंबाड जगबुडी नदीच्या काठचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. परंतु ज्या अलिबाग तालुक्यात बसून आम्ही ती वाचीत होतो, त्याच तालुक्यात चरी हे गाव आहे, आणि खोतीच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे.

१९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला व तो सुमारे सहा वर्षे पाळला. ज्याचे पोट जमिनीवर, त्यानेच नांगर खाली ठेवावा, यास केवढे धैर्य लागले असेल! १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा व १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा झाला. आणि पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले जाऊ लागले.

पेंडशांचा मोठा गुण हा की, त्यांनी खोतांस खलपुरुषही केले नाही आणि देवमाणूसही केले नाही. एका घराण्याचे वैभव, त्याचा माज, त्याची विद्या आणि त्याचा ऱ्हास त्यांनी अशा आतल्या जिव्हाळ्याने रंगविला आहे की, वाचकाचे मन त्या वाड्यात राहावयास जाते. परंतु याच गुणाच्या पोटी कादंबरीची मर्यादाही आहे. वाचक ओटीवर बसतो आणि तेथूनच अंगणात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहतो. अंगणातून ओटी कशी दिसते, हे त्यास कळत नाही.

याचा दोष आम्ही पेंडशांस देत नाही. लेखकाने आपल्या अनुभवाशी इमान राखावे हेच योग्य. दोष असेल तर तो आम्हां वाचकांचा आहे. आमच्या आजोळी थोडी खोती होती. लहानपणी घरात कुळकायद्याचा विषय निघे, तो नेहमी ‘जमिनी गेल्या’ या दोन शब्दांत. त्या पुरात गेल्या नव्हत्या, की समुद्राने गिळल्या नव्हत्या. त्या कोणास तरी मिळाल्या होत्या. परंतु ‘मिळाल्या’ हे क्रियापद आमच्या घरात कोणी उच्चारले नाही, आणि आम्हीही पन्नाशी गाठेपर्यंत ते विचारले नाही. ‘तुंबाडचे खोत’ वाचून प्रथम आमचे डोळे पाणावले होते, ते या एका क्रियापदाच्या अभावामुळेच की काय, अशी शंका आता येते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकीत आहोत. कायद्याने सातबाऱ्यावरील नाव बदलता येते; सहानुभूतीच्या खात्यावरील नाव बदलणे हे काम वाङ्मयाचे होय. खोतांच्या ऱ्हासास पेंडशांसारखा कादंबरीकार लाभला. चरीच्या सहा वर्षांस त्या तोडीचा लाभला नाही. ज्या रात्री चूल पेटली नाही व तरीही नांगर धरला नाही, त्या रात्रीत कादंबरीस पुरेल एवढे नाट्य खचित आहे.

ती कादंबरी आमच्या हातून व्हावयाची नाही. ती अंगणातल्या नातवंडांनीच लिहावयाची आहे. आम्ही करावयाचे ते एवढेच की, ती येईल तेव्हा तिला ओटीवर नव्हे, माजघरात जागा द्यावी. आणि तोवर आपल्या घरातील बोलण्यात ‘गेल्या’ या शब्दापुढे ‘कोणास मिळाल्या’ हेही सांगण्याची सवय लावून घ्यावी.