आधी पंगत, मग बाप्तिस्मा : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात एका धर्मगुरूने आणखी भर कशासाठी घालावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला मराठी आत्मचरित्रांत अग्रपूजेचा मान मिळाला. त्यातील उतारे पाठ्यपुस्तकांतून नेमले गेले. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी आणि २०१७ साली शांता गोखले यांनी त्याला इंग्रजी रूप दिले. टिळकांचा विक्षिप्तपणा, लक्ष्मीबाईंचा सोशिक विनोद, घरगुती भाषेचा गोडवा, ही या ग्रंथाची ठरलेली स्तुती. ती खोटी नाही. परंतु ती ऐकून ऐकून असे वाटू लागते की, ख्रिस्ती धर्म हा या संसारकथेतील एक अपघात असावा. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बाईचे हाल झाले आणि त्या हालांतून एक सुंदर पुस्तक जन्मले, इतकेच. आणि आपण कॅथलिक मंडळी तर या ग्रंथाकडे ‘ते त्यांचे, प्रॉटेस्टंटांचे’ म्हणून आदराने पण दुरूनच पाहत आलो.

मीही सेमिनरीत असताना हे पुस्तक हसण्यासाठीच वाचले होते. पुढे धर्मग्रामाची जबाबदारी अंगावर पडल्यावर, लोकांच्या घरात आणि घराघरांतल्या भांडणांत वावरल्यावर, ते पुन्हा हाती घेतले तेव्हा ध्यानी आले की, श्रद्धा ही रोजच्या समाजजीवनात कशी उतरते, याचे इतके प्रामाणिक चित्र आपल्या भाषेत दुसरे क्वचितच असेल.

ग्रंथाचा आरंभच विटाळाने होतो. नाशिकजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका गोखले ज्या घरात वाढली, त्या घराच्या कर्त्या पुरुषाला सोवळ्याचे वेड होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, हा तिथला दंडक. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात आणि वाचकही हसतो. मात्र एका लेकराच्या अंगी पहिला धर्म रुजला तो हा, की दुसऱ्याच्या स्पर्शाने आपण मलिन होतो, हे हसण्याच्या भरात विसरून चालणार नाही. पुढचा सगळा ग्रंथ म्हणजे हा पहिला धर्म अंगातून निघून जाण्याची हकीकत आहे, आणि तो निघून जायला किती वर्षे लागली हे लेखिकेने लपवलेले नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांचे चित्रण हा माझ्या मते ग्रंथाचा गाभा होय. पतिपासून दुरावलेली, नातलगांच्या आश्रयाने राहणारी, मुलाला कवटाळून बसलेली ही स्त्री पुढे पतीकडे परतते, पण परतते ती आपले सोवळे बरोबर घेऊन. चूल निराळी, पाणी निराळे. टिळकही हे निमूटपणे मान्य करतात. (टिळकांच्या तापटपणाच्या गोष्टी चवीने सांगणाऱ्यांनी हे धीराचे वागणेही सांगायला हवे.) त्यानंतर केव्हातरी, कोणाचे प्रवचन ऐकून नव्हे, कोणी वादात हरवले म्हणूनही नव्हे, तर एकटीच विचार करीत असताना तिला वाटते की, ही जात माणसांनी केलेली असावी, देवाने नव्हे. आणि ती ठरवते की, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे.

या प्रसंगाचे वर्णन तिने फार थोडक्या शब्दांत केले आहे. विजा चमकत नाहीत, आकाशवाणी होत नाही. संत पौलाच्या दिमिष्कच्या वाटेची सवय झालेल्या आपल्या कानांना ते इतके साधे वाटते की, आपण तसेच पुढे जातो. पण इथे क्रम काय आहे तो पाहावा. लक्ष्मीबाई आधी पंगतीला बसल्या आणि मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सर्वांच्या हातचे पाणी त्यांच्या ओठांना आधी लागले, मस्तकावरचे पाणी नंतर. त्यांच्या धर्मांतराचा खरा दिवस कोणता म्हणून मला विचाराल तर मी नोंदवहीतला दिवस सांगणार नाही.

धर्मशास्त्र शिकलेला माणूस म्हणून मला येथे थोडे अडखळायला होते. संस्काराची कृपा मानवी प्रयत्नाची वाट पाहत नाही, ही आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती मी दर रविवारी मानतो. म्हणूनच आपण तान्ह्या बाळांनाही स्नानसंस्कार देतो. तेव्हा लक्ष्मीबाईंचा क्रम हाच एकमेव योग्य क्रम, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपला क्रम उलटा आहे आणि त्या उलट्या क्रमात पुष्कळदा दुसरी पायरी येतच नाही. आपण पाळण्यातच ख्रिस्ती होतो आणि पंगतीचा प्रश्न साठ वर्षे पुढे ढकलतो. वेदीसमोर एका रांगेत उभे राहून ख्रिस्तप्रसाद घेणारी दोन कुटुंबे मुला-मुलीचे लग्न जुळवताना एकमेकांचे ‘मूळ’ काय, गाव कोणते, आडनाव पूर्वी काय होते, याची चौकशी हळू आवाजात करतात, हे कोणत्या धर्मगुरूला ठाऊक नाही? २०१६ च्या डिसेंबरात भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेतही अस्पृश्यतेची वागणूक शिल्लक असल्याचे कबूल केले, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. मला धक्का बसला तो त्यांच्या धक्क्याचा. १९८७ साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिक धर्मप्रांतात, त्या वेळचा अहमदनगर आणि आजचा अहिल्यानगर जिल्हा ज्याच्या पोटात आहे त्या धर्मप्रांतात, हे कोणी आपल्याला बाहेरून येऊन सांगावे?

आता सेवेविषयी. टिळक दांपत्याच्या घरी अनाथ मुले आली, आजारी आले, भुकेले आले, कवी आले. छप्पनच्या दुष्काळाने मुलखाची दैना केली त्या दिवसांत त्यांच्या घराचे दार बंद राहिले नाही, आणि प्लेगच्या छावणीत रोग्यांजवळ राहण्याचे धैर्यही लक्ष्मीबाईंनी दाखवले. या साऱ्याचे लेखन कसे केले आहे ते पाहण्याजोगे आहे. ‘मी सेवा केली’ असे वाक्य त्या लिहीत नाहीत. त्या लिहितात ते घरात पीठ किती होते, पैसे कोणाकडून उसने आणले, टिळकांनी ते वाटेतच कोणाला देऊन टाकले, त्यावरून आपण किती चिडलो, हे. परोपकार टिळकांचा आणि उसनवारी लक्ष्मीबाईंची, असा त्या घरातला श्रमविभाग होता. परोपकारी माणसाच्या घरात राहणे हे किती कष्टाचे असते, याचे असे निर्मळ चित्रण मी अन्यत्र वाचले नाही. संतचरित्रकारांनी हे पान नेहमी गाळले आहे.

मार्था आणि मरिया यांच्या कथेवर प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू मरियेची बाजू घेतो. प्रवचन संपल्यावर जेवायला मात्र मार्थेकडेच जातो. लक्ष्मीबाई ही मार्थेने लिहिलेली मरियेची गोष्ट आहे, असे मला पुष्कळदा वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ म्हटले. तो शब्द सेमिनरीत पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे गुडघे टेकून जपमाळ म्हणणारे एक नीटनेटके कुटुंब येत असे. आता त्या शब्दासरशी टिळकांचे गजबजलेले घर आठवते, ज्यात बालकवी ठोमरे कविता म्हणत आहेत, एखादे पोर रडत आहे, आणि घरधनीण आज सर्वांना पुरेल कसे, याचा हिशेब करते आहे.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा ख्रिस्ताच्या सर्व अनुयायांचा बंधुसमाज व्हावा, ही त्यांची कल्पना. परक्या देशाच्या पैशावर आणि हुकमावर चालणारी ख्रिस्तसभा या मातीत रुजणार नाही, हे त्यांचे निदान बरोबर होते, असे आज म्हणायला धैर्य लागत नाही. त्या काळी लागत होते. पण १९१९ च्या मे महिन्यात टिळक मुंबईत वारले आणि दरबार फुलण्याआधीच पोरका झाला. एका माणसाच्या तेजावर उभा केलेला समाज त्या माणसाबरोबर विझतो, हे पाहिले म्हणजे आपल्या जुन्या, सुस्त, कधी कधी कंटाळवाण्या धर्मग्रामांविषयी मला थोडे प्रेम वाटू लागते. फादर बदलतात, धर्मग्राम राहतो. लक्ष्मीबाईंनी दरबार स्थापला नाही. त्यांनी पतीच्या पश्चात मुलींच्या वसतिगृहाचे काम पत्करले, मुलासंसारासह कराचीपर्यंतचा प्रवास केला, टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ ६४ अध्याय रचून पुढे नेले. जेमतेम अक्षरओळख असलेल्या मुलीपासून झालेली ही मजल आहे.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. उत्तरार्ध विस्कळीत आहे. चौथा भाग तर २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला झालेल्या त्यांच्या निधनामुळे अपुराच राहिला. दुसरी गोष्ट मला अधिक जाणवते. घराच्या दारातून आत आलेल्या मुलांपैकी कित्येकांचे पुढे काय झाले ते कळत नाही. ठोमऱ्यांचे चित्र जितके भरीव, तितके या लेकरांचे नाही. ज्याला आश्रय मिळाला त्याला तो आश्रय कसा वाटला, हे त्याच्या तोंडून आपल्याला ऐकू येत नाही. आणि कॅथलिक वाचकाला आणखी एक उणीव भासेल : उपासनेचे, प्रभुभोजनाच्या विधीचे चित्रण येथे जवळजवळ नाहीच. लक्ष्मीबाई चर्चला जात होत्या, परंतु पुस्तकाची प्राणशक्ती चुलीपाशी आहे. आपल्याकडे याच्या उलट घडते, आपल्या लेखनात विधी फार आणि चूल कमी. रौप्यमहोत्सवी स्मरणिका चाळाव्यात : कोणत्या साली कोणते फादर आले, घंटा कोणी दिली, हॉल कधी बांधला, उद्घाटनाची छायाचित्रे. त्या हॉलमध्ये कोणाला कोणाशेजारी बसायचे नव्हते आणि तो पुढे कसा बसू लागला, ही गोष्ट स्मरणिकेत सापडत नाही. माझ्या हातून निघालेल्या एका स्मरणिकेतही ती नव्हती.

राहुरी तालुक्यातल्या केंदळला आपल्या येशूसंघीय मिशनऱ्यांनी काम केले आणि त्याच राहुरीच्या आसपास अमेरिकन मराठी मिशनही वावरत होते. दोन्ही मिशनांत चढाओढ होती, खेडीपाडी वाटून घेण्याची घाई होती. त्या घाईत आपल्या बाजूला किती लक्ष्मीबाई होऊन गेल्या असतील! दुष्काळात पोरे सांभाळणाऱ्या, रोग्यांची भांडी घासणाऱ्या, कॅटेकिस्ट नवऱ्याच्या तुटपुंज्या पगारात पाहुण्यांचे ताट वाढणाऱ्या. त्यांच्यापैकी कोणी लिहिले नाही, कोणी त्यांना लिहिते केले नाही. टिळकांनी आपल्या बायकोला लिहायला-वाचायला बसवले, हा त्यांच्या सगळ्या कवितांइतकाच मोठा उपकार आहे. आमच्या कॅटेकिस्टांच्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि अजून बोलतात. त्रैमासिकाच्या संपादकांनी एखादा अंक त्यांच्यासाठी राखून ठेवला तर लिहून घेण्याचे काम मी माझ्या धर्मग्रामापुरते आनंदाने पत्करीन.

ज्यांनी हे पुस्तक शाळेतल्या उताऱ्यापलीकडे वाचलेले नाही, त्यांनी संक्षिप्त आवृत्ती न घेता लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सिद्ध केलेली संपूर्ण आवृत्ती मिळवावी. ती जाड आहे. घरात एकाने मोठ्याने वाचावी आणि बाकीच्यांनी काम करता करता ऐकावी, अशीच तिची भाषा आहे.