रिंक आहे, गाव कुठे आहे?

नॅशनल हॉकी लीगमधला तिशीचा खेळाडू गुडघा जायबंदी करून आपल्या छोट्या गावी परततो. शाळेतली जुनी मैत्रीण आता बेकरी चालवते. तिचा आठ वर्षांचा मुलगा हॉकी खेळतो, त्याच्या संघाला प्रशिक्षक हवा आहे, आणि नेमके त्याच वर्षी गावाचे रिंक विक्रीला निघाले आहे. पुढे काय होणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असते, आणि ते ठाऊक आहे म्हणूनच पुस्तक विकत घेतले जाते.

ही हॉकी बर्फावरची. खडकीच्या मैदानांवर वाढलेल्या धनराज पिल्लेंच्या खेळाशी तिचे नाते नावापुरतेच. कॅनडा आणि अमेरिकेच्या थंड पट्ट्यात ती जगण्याचा भाग आहे, आणि तिच्याभोवती प्रेमकथांचा एक भरभक्कम बाजार उभा राहिला आहे. रेचल गिब्सनची ‘सिम्प्ली इर्रेझिस्टिबल’ 1998ची, म्हणजे हा प्रकार कालचा नव्हे. 2015मध्ये एल केनेडीच्या ‘द डील’ने तो कॉलेजच्या आवारात नेला. 2022मध्ये हॅना ग्रेसने ‘आइसब्रेकर’ स्वतःच प्रकाशित केली, टिकटॉकवरच्या वाचकांनी ती उचलून धरली आणि मोठ्या प्रकाशनसंस्थेने पुढे आपल्याकडे घेतली. तिचे मुखपृष्ठ इतके गोंडस की कितीतरी पालकांनी ती बालवाङ्मय समजून घरी आणली. आतली पाने उघडल्यावर त्यांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना करायला मजा येते.

हाच खेळ का, याचे उत्तर कारागिरीत आहे. संघात वीसेक खेळाडू असतात, म्हणजे एका कादंबरीतले मित्र पुढच्या वीस कादंबऱ्यांचे नायक. क्लब खेळाडूला रातोरात दुसऱ्या शहरातल्या संघाकडे पाठवू शकतो, त्यामुळे विरह आयताच मिळतो. शिवाय नॅशनल हॉकी लीगमध्ये मारामारी केली तरी पाच मिनिटांची शिक्षा भोगून खेळाडू पुन्हा बर्फावर येतो. बाहेर ठोसे लगावणारा आणि घरात हळुवार वागणारा पुरुष असा नियमात बसवून हाती देणारे खेळ फार नाहीत. ही सोय लेखिकांनी चोख वापरली आहे. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही.

माझी तक्रार गावाबद्दल आहे. या कादंबऱ्यांत गाव म्हणजे बेकरी, बर्फ, दिव्यांच्या माळा आणि प्रत्येकाच्या संसारात नाक खुपसणारी एक प्रेमळ म्हातारी. खरी हॉकीची गावे अशी नसतात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले वॉरोड जेमतेम दोन हजार वस्तीचे. तिथल्या बिल आणि रॉजर ख्रिश्चन या भावांनी 1960मध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, बिलच्या मुलाने, डेव्हने, 1980मध्ये. अशा गावात जन्मलेल्या पोराच्या पायात स्केट चढतात ते कुणाच्या अपेक्षांसकट, हा एका कादंबरीला पुरून उरेल असा विषय आहे. कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात हम्बोल्ट नावाचे सुमारे सहा हजार लोकांचे गाव आहे. 2018च्या एप्रिलमध्ये तिथल्या ज्युनिअर संघाची बस सामन्याला जाताना ट्रकशी धडकली आणि सोळा जण गेले. प्रेमकथांमध्ये मात्र संघाची बस ही चेष्टामस्करीची जागा असते. प्रत्येक पुस्तकात अपघात घाला, असे मी म्हणत नाही. पण गोठलेल्या सपाट मुलुखातून तासन् तास जाणारा तो प्रवास, घरी फोनकडे बघत बसलेल्या आया, यांची सावलीसुद्धा पानांवर पडू नये?

गाव खरोखर लिहिले ते प्रेमकथेबाहेरच्या एका लेखकाने. फ्रेडरिक बाकमनची ‘ब्यॉर्नस्टाड’ ही 2016ची स्वीडिश कादंबरी. जंगलाच्या कडेला झिजत चाललेले गाव, सगळी आशा पोरांच्या संघावर, आणि संघातला तारा एका मुलीवर बलात्कार करतो. गाव कुणाच्या बाजूने उभे राहते, हा तिचा खरा प्रश्न. तो कल्पनेतला म्हणून सोडून देता येत नाही: लैंगिक अत्याचाराचे दावे मिटवायला ‘हॉकी कॅनडा’ ही तिथली राष्ट्रीय हॉकी संघटना ज्या निधीतून पैसे देत होती, त्यात पोरांच्या नोंदणी शुल्काचाही वाटा होता, हे 2022मध्ये उघड झाले आणि प्रायोजक पळाले. केनेडीला हे कळत होते, असे मला वाटते. ‘द डील’ची नायिका हॅना बलात्कारातून सावरते आहे, आणि तिच्या छोट्या गावाने गुन्हेगाराच्या वजनदार घराण्याची बाजू घेतलेली आहे. पण ते गाव कादंबरीत दूरवर राहते आणि नायक वेगळ्याच जगातला असतो. त्याच गावात, त्याच रिंकपाशी प्रेमकथा घडवायची, हे धाडस पुढच्या गर्दीत क्वचितच कुणी केले.

अडसर खरा असला की हा प्रकार किती उंची गाठू शकतो, हे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या रेचल रीडने दाखवले. ‘हीटेड रायव्हलरी’ (2019) मोठ्या शहरांतल्या संघांची, दोन प्रतिस्पर्धी पुरुष खेळाडूंच्या लपवलेल्या प्रेमाची गोष्ट. ती 2025च्या अखेरीस मालिका म्हणून पडद्यावर आली, तेव्हाही नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळत असताना आपण समलिंगी असल्याचे जाहीर केलेला एकही खेळाडू नव्हता. त्यामुळे रीडच्या नायकांची भीती खोटी वाटत नाही. छोट्या गावाच्या कथांमध्ये मात्र दोघांना वेगळे ठेवतो तो गैरसमज. एका फोनने मिटेल असा, आणि तो फोन तीनशे पाने कुणी करत नाही.

बाईने स्टिक हाती घेतलेली दिसते तीही अभावानेच. सरीना बोवेनच्या ‘द इयर वी फेल डाउन’ (2014) मधली कोरी ही हॉकीत जखमी होऊन व्हीलचेअरवर आलेली खेळाडू. तिचा खेळ गेल्याचे दुःख प्रेमाने भरून निघत नाही, हे बोवेनने प्रामाणिकपणे ठेवले. महिलांची व्यावसायिक लीग 2024च्या जानेवारीत सुरू झाली, तरी बाजारातली नायिका अजून बहुतांशी प्रेक्षकांतच बसलेली आहे.

मला वाचायची आहे ती वेगळीच प्रेमकथा. कॅनडात सोळा-सतरा वर्षांचे ज्युनिअर खेळाडू घर सोडून परगावच्या कुटुंबात राहतात, आणि त्या घरातली बाई वर्षानुवर्षे परक्या पोरांचे डबे, ताप आणि रडे सांभाळते. पन्नाशीतली अशी एक विधवा आणि संघाची बस चालवणारा माणूस. त्याला हॉकी आवडत नाही, आणि गावात हे कुणालाही ठाऊक नाही.