प्रेषित आणि जिवाणू

डॉ. जयंत विष्णु नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतर त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. कोणी त्यांच्या खगोलशास्त्राचा गौरव केला, तर कोणी त्यांच्या विज्ञानकथांचा. परंतु या दोन नारळीकरांना एका बैठकीत शेजारी बसवून वाचण्याचा प्रयत्न क्वचितच झाला. आम्ही येथे तो एका प्रश्नापुरता करू इच्छितो. पृथ्वीबाहेर जीव आहे काय, हा तो प्रश्न. नारळीकरांनी तो दोनदा, दोन वेगळ्या भाषांत विचारला : एकदा कथेच्या आणि एकदा प्रयोगाच्या. या दोन भाषांची त्यांनी कधी सरमिसळ केली नाही, आणि आमच्या मते लेखक म्हणून त्यांचे खरे मोठेपण येथेच आहे.

प्रथम कथा पाहू. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले होते. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून ते त्यांनी सिद्ध केले होते. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. ‘प्रेषित’ व ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या आल्या. ही तीन नावेच पाहा. अंतराळ, परके बुद्धिमान जीव, यंत्रमानव असे मराठी घराला अनोळखी विषय. पण दारावरची पाटी यक्षाची, वामनाची, प्रेषिताची. आलेल्या पाहुण्याला घरातलेच एखादे नाव द्यावे, तशी ही रीत आहे.

आमच्या वाचकांना ही रीत नवी नाही. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला आणि ओवीचा छंद पत्करला. नवे सांगण्यासाठी जुन्या शब्दांचा आश्रय घेणारा तो पहिल्या काही मराठी ग्रंथकारांतील एक होय. ‘प्रेषित’ हा शब्द तर आपल्या कानी प्रत्येक रविवारच्या श्रद्धांगीकारात पडतो. प्रेषित म्हणजे पाठवलेला. ज्याला पाठवले, त्याच्यापाशी निरोप असतो. परग्रहावरील संस्कृतीशी संपर्काची कथा सांगताना नारळीकरांनी हाच शब्द निवडला, यात त्यांची सारी अपेक्षा दडलेली आहे. तिकडून जो येईल, तो काही सांगण्यासाठी येईल!

या अपेक्षेतच त्यांच्या कथांचे बळ आहे आणि उणीवही आहे. परके ज्ञान हाती येणे म्हणजे जबाबदारी अंगावर येणे, हे ते उत्तम दाखवतात. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या पेटीतून एका लुप्त संस्कृतीचे ज्ञान मिळते व त्यातून यंत्रमानव घडतो. पण देणगी स्वीकारण्यापूर्वी ती पारखली पाहिजे, हा इशारा तेथे ठळक आहे. मात्र परका जीव कसा भितो, त्याला काय दुखते, त्याला घराची आठवण येते काय, या वाटेला नारळीकरांची लेखणी फारशी वळत नाही. त्यांची पात्रे पुष्कळदा प्रमेय सिद्ध करण्यासाठी उभी राहतात आणि ते सिद्ध होताच निघून जातात. समजावून सांगणारा शिक्षक कथाकाराला मागे सारतो. सुज्ञ वाचकाला ही तक्रार करण्याचा अधिकार आहे.

आता प्रयोगाकडे वळू. नारळीकरांचे गुरू सर फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांनी असा विचार मांडला होता की, जीवसृष्टीची बीजे धूमकेतूंबरोबर अवकाशातून पृथ्वीवर येत असावीत. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो पटला नाही. नारळीकरांनी वाद घालत बसण्यापेक्षा तपासणी पसंत केली. २१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादहून एक प्रचंड बलून सोडण्यात आला आणि सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणले गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हॉइल वारले. २० एप्रिल २००५ रोजी प्रयोगाची पुनरावृत्ती झाली. या वेळी ४५९ किलो वजनाची उपकरणे वर गेली. हवा गोठवून पकडण्यासाठी ३८ किलो द्रवरूप निऑन वापरला होता. नमुन्यांची तपासणी हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे केली. जिवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या. एकीस हॉइल यांचे, दुसरीस इस्रोचे व तिसरीस आर्यभटाचे नाव दिले गेले. अतिनील किरणांना त्या आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा अधिक दाद देत नव्हत्या.

मार्च २००९ मध्ये इस्रोने हे निष्कर्ष जाहीर केले. ते निवेदन आम्ही एक गद्यकृती म्हणून वाचावयास सांगू. शोध उत्साहवर्धक आहे, परंतु हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे त्यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय आहे. ज्या गृहीतकासाठी गुरूने आयुष्य वेचले, ते सिद्ध झाले असे म्हणण्याचा मोह किती मोठा असेल! तरी तो शब्द लिहिला गेला नाही. आणि हा संयम योग्यच ठरला. कारण आर्यभटाचे नाव लाभलेला जिवाणू पुढे साध्या शेतजमिनीत, पिकांच्या मुळांशीही आढळला. तो मातीतून वर गेला की वरून मातीत आला, हे केवळ सापडण्याच्या जागेवरून ठरत नाही. कथेतला प्रेषित निरोप घेऊन येतो; प्रयोगातला जिवाणू मुका असतो. त्याच्या तोंडी आपले शब्द घालावयाचे नाहीत, हे नारळीकरांनी पाळले.

हा भेद आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा परका ग्रह १९९५ मध्ये प्रथम सापडला. आज अशा निश्चित झालेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. त्यांतील काहींना ‘वसतियोग्य’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ पुणे जिल्ह्यातील एका दृश्यावरून स्पष्ट होईल. राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे हे गाव आहे. अमावास्येच्या रात्री गावातून वर पाहावे, तर गडाची काळी आकृती आणि तिच्यावर तारे. गडावर तट आहे, पद्मावती माचीवर तळे आहे, देऊळ आहे. शिवरायांची ती दीर्घकाळ राजधानी होती. जागा राहण्याजोगी आहे, यात शंका नाही. पण आज रात्री वर कोणी आहे काय? तळ्यावरून ते कळत नाही. उजेड लुकलुकला, तरी तो कंदील की काजवा, हे ठरवावे लागते. वसतियोग्य ग्रह म्हणजे, ताऱ्यापासूनच्या अंतरामुळे जेथे पाणी द्रवरूपात टिकू शकेल असा ग्रह. तेथे पाणी आहेच असेही नाही. मग रहिवाशांची गोष्ट दूरच.

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षे दूरच्या ‘के२-१८ बी’ या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड वायूचा संकेत दिसल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीव निर्माण करतात. नारळीकरांप्रमाणेच मधुसूदन यांचाही मार्ग वाराणसीहून केंब्रिजला गेलेला. असा संकेत योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात सुमारे तीन, असे त्यांच्या गटाचे गणित होते. शास्त्राला याहून पुष्कळ अधिक खात्री लागते. इतर गटांनी तीच निरीक्षणे तपासून पुरावा अपुरा ठरवला. शिवाय हाच वायू एका निर्जीव धूमकेतूवरही आढळला आहे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील खोडदच्या दुर्बिणीने ८.८ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनची क्षीण रेडिओलहर टिपली, तेव्हा काही ठिकाणी ती परग्रहवासीयांचा संदेश म्हणून फिरली. कथेची भाषा वार्तेत शिरली की असे होते.

श्रद्धेची भाषा वार्तेत शिरली तरीही असेच होते, हे आम्हा धर्मसेवकांना लक्षात ठेवले पाहिजे. ईश्वर अनेक जगे निर्मू शकत नाही, हे मत पॅरिसच्या बिशपांनी १२७७ मध्येच त्याज्य ठरवले. निकोलस ऑफ कुसा यांनी १४४० मध्ये ताऱ्यांवर रहिवासी असावेत असे लिहिले. पुढे ते कार्डिनल झाले. पण १६०० मध्ये रोममध्ये जिओर्दानो ब्रुनो यांना जाळण्यात आले आणि त्यांच्यावरील अनेक आरोपांत अनेक जगांचा विचारही होता. पहिल्या दोन गोष्टी सांगून तिसरी झाकणे सत्याला धरून होणार नाही. २००८ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक फादर होजे फुनेस यांनी परग्रहवासीयांचे अस्तित्व मानणे श्रद्धेच्या विरोधात नाही, असे सांगितले. तेथे जीव सापडला तर आपली प्रार्थना खोटी ठरणार नाही, न सापडला तर ती सिद्धही होणार नाही. प्रवचनात या अनिर्णीत प्रश्नाचा पुरावा म्हणून वापर करू नये.

नारळीकरांच्या कथा आम्ही आमच्या मुलांच्या हाती अवश्य द्याव्यात. आणि त्या वाचून झाल्यावर बलूनच्या प्रयोगाची हकीगतही सांगावी. शेजारचा अनोळखी माणूस आपल्या दाराशी आला तर त्याचे काय करायचे, हे चांगल्या शमरोनीच्या दाखल्यातून त्यांना ठाऊक आहेच. नारळीकरांच्या कथांत जे थोडे उणे पडते, ते तेथून भरून काढता येईल. आणि ‘बाबा, वर कोणी राहते का?’ असे एखाद्या मुलाने रात्री अंगणात विचारले, तर ‘अजून कळलेले नाही, शोध चालू आहे’ हे उत्तर न संकोचता द्यावे. नारळीकर अखेरपर्यंत तेच देत आले.