अश्वत्थाम्याची जखम

अश्वत्थामा म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवते ती कपाळावरची भळभळती जखम, आणि तिच्यासाठी दारोदार तेल मागत फिरणारा तो. पण महाभारतातलं सौप्तिकपर्व नीट वाचून पाहा. त्यात ही जखम कुठेच नाही.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. युद्धाच्या अठराव्या दिवसाची रात्र. पांडवांच्या झोपलेल्या छावणीत शिरून अश्वत्थामा धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. द्रौपदी अन्नपाणी सोडून बसते आणि त्याचा जीव व त्याच्या मस्तकावरचा जन्मजात मणी मागते. मग अश्वत्थाम्याने सोडलेलं ब्रह्मशिर अस्त्र, मधे येऊन उभे राहिलेले व्यास आणि नारद, पांडवांच्या वंशावर उलटवलेलं ते अस्त्र. कृष्ण शाप देतो : तीन हजार वर्षं एकटा भटकशील, बोलायला कुणी भेटणार नाही, अंगाला रक्तापुवाची दुर्गंधी येईल. त्यानंतर व्यास फार थोडं सांगतात. अश्वत्थामा मणी देतो आणि सर्वांदेखत, खिन्न मनाने वनात निघून जातो.

मणी तो स्वतः देतो, तेही शाप ऐकून झाल्यावर. त्या मण्याचे गुण त्यानेच थोडं आधी सांगितलेले आहेत : तो ज्याच्याजवळ असेल त्याला शस्त्राचं, रोगाचं, भुकेचं भय नाही. म्हणजे कपाळावरून उतरलं ते त्याचं जन्मापासूनचं कवच. ती जागा आता कशी दिसते, हे व्यास सांगत नाहीत. मला हा संयम थोर वाटतो. भागवतात मात्र अर्जुन तलवारीने केसांसकट मणी कापून काढतो, आणि लोकांच्या मनात हीच तलवार राहिली. मणी उपटला तर तिथे खोक पडणारच, हा साधा हिशेब. शापातलं रक्त आणि पू लोकांनी त्या खोकेत आणून ठेवलं.

खरी जखम याहून फार जुनी आहे, असं मला वाटतं. आदिपर्वात श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडतो. मुलं त्याला पिठाचं पाणी देतात. आपण दूध प्यायलो म्हणून तो आनंदाने नाचतो आणि बाकीची त्याला हसतात. हे त्याच्या बापाच्या, द्रोणाच्या मनातून कधी गेलं नाही. तो जुन्या मित्राच्या, द्रुपदाच्या दारी गेला, अपमानित होऊन परतला, पुढे शिष्यांकरवी त्याला बांधून आणवलं आणि अर्धं राज्य घेतलं. द्रुपदाने तो सल जपला आणि यज्ञातून द्रोणाला मारणारा मुलगा मिळवला, तोच धृष्टद्युम्न. त्या रात्री तो विनवतो, निदान शस्त्राने तरी मार. अश्वत्थामा ऐकत नाही, लाथांनी तुडवून मारतो. पिठाच्या पाण्यापासून या लाथांपर्यंत कुणाचीच जखम भरून आलेली नाही. प्रत्येकाने आपली पुढच्याच्या अंगावर उतरवली आहे.

लोकपरंपरेने त्याला आणखी एक गोष्ट दिली : तेल. आजही काही घरांत अभ्यंगाआधी चिरंजीवांची नावं घेत तेलाचे थेंब जमिनीवर सोडतात, आणि पहिलं नाव अश्वत्थाम्याचं असतं. नर्मदेची परिक्रमा करणारे शूलपाणीच्या झाडीत तो भेटल्याचं सांगतात. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो पहाटे शंकराला फूल वाहून जातो, अशी श्रद्धा आहे. शापाला मुदत होती. लोकांनी ती काढून टाकली आणि त्याला कायमचा जिवंत ठेवला. यातल्या एकाही गोष्टीत कुणी त्याला निर्दोष ठरवत नाही, जखम बरी होवो असंही म्हणत नाही. तेल तेवढं देतात, ठणका कमी व्हावा म्हणून. झोपलेल्या मुलांच्या मारेकऱ्याला इतकं देणारा समाज मला फार मोठा वाटतो.

द्रौपदीचं काय? मणी आल्यावर ती तो स्वतः घेत नाही. गुरुपुत्र मला गुरूसारखाच, असं म्हणून युधिष्ठिराला तो मस्तकी धारण करायला सांगते. भागवतातली द्रौपदी तर बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडून द्या म्हणते, माझ्यासारखी त्याची आई कृपी रडू नये म्हणून. एका ग्रंथात ती त्याचा जीव मागते, दुसऱ्यात त्याला जीवदान देते. दोन ग्रंथांच्या दोन द्रौपदी असं मानून मोकळं होता येईल, पण मला त्या एकच वाटतात. पाच मुलं गेलेल्या आईला दोन्ही वाटू शकतं.